पत्रावळ्यावाल्या वानखडे बाई

वऱ्हाडात वानखडे हे आडनाव कानावर पडलं की ऐकणाऱ्याचं काम अर्धंच होतं. वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्धांत आहेत. त्यामुळे अमरावतीत नवीन घर घेणाऱ्या कुठल्याही वानखड्याला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न येतोच. शालू वानखडेंना तो आमच्या नवप्रभात कॉलनीत दूधवाल्याची वाट बघताना आला. विचारणाऱ्या होत्या अपेक्षा काळमेघ, कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष.

"वानखडे म्हणजे कोणते वानखडे?"

"बार्शीटाकळीचे," शालूबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. म्हणजे मूळचे?"

"मूळचेही बार्शीटाकळीचेच. त्याच्या मागचं मला माहीत नाही. तुम्हाला तुमचं किती मागचं माहीत आहे?"

अपेक्षाताई हसल्या आणि दूध घेऊन गेल्या. शालूबाईंची रागावण्याची ही पद्धत होती. आवाज चढवायचा नाही, फक्त प्रश्न विचारत राहायचं. पाटबंधारे खात्यात त्या कार्यालय अधीक्षक होत्या आणि या पद्धतीने त्यांनी चांगले चांगले कंत्राटदार घामाघूम केले होते. कॉलनीतल्या बायकांना मात्र घाम येत नसे. त्या गोड बोलत.

त्या वर्षीच्या कोजागिरीला प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा होता. शालूबाईंनी गोळाभात केला. डाळीचे गोळे, वरून चरचरीत फोडणीचं तेल. पातेलं आधी रिकामं झालं, मग पुसून रिकामं झालं. अपेक्षाताईंनी दोनदा घेतला आणि "हात चांगला आहे हो तुमचा" असं चार जणींसमोर म्हणाल्या. नांदगाव खंडेश्वरकडे शेती असलेल्या, मुलाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या पार्वताबाई गावंडे तेवढ्या "तेल कमी पडलं" म्हणाल्या. पण पार्वताबाईंचं कोणी मनावर घेत नसे. अपेक्षाताईंच्या शिऱ्याबद्दल त्यांनी "भिंतीले लावाले बरा हाय" असं मत दिलं होतं.

मग एप्रिल आला. चौदा तारखेला वानखड्यांच्या गॅलरीत निळ्या दिव्यांची माळ लागली आणि दारात शेजाऱ्यांसाठी खीर ठेवलेली होती. कॉलनीचा प्रश्न सुटला. कोणते वानखडे ते कळलं. खीर त्या दिवशी बरीच उरली. ऊन फार होतं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

पुढच्या कोजागिरीच्या बैठकीत अपेक्षाताई म्हणाल्या, "वानखडे ताई, तुम्ही नोकरीवाल्या. तुम्हाला कुठला वेळ? तुम्ही आपल्या पत्रावळ्या आणा."

पत्रावळ्या म्हणजे आता चंदेरी कागदाची ताटं. दुकानदार त्यांना डिस्पोजल म्हणतो. चार गठ्ठे आणायचे, झालं काम. बँकेत नोकरी करणाऱ्या करिश्मा राऊत त्याच कोजागिरीला अळूवड्यांचे तीन डबे घेऊन आल्या. नोकरीमुळे वेळ न मिळण्याची अडचण कॉलनीत एकट्या शालूबाईंनाच होती.

त्यानंतर गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी, थर्टी फर्स्ट, काहीही असो, पत्रावळ्या वानखडे ताईंकडे. पहिल्या वेळेला त्यांना वाटलं, सोय बघितली. दुसऱ्या वेळेला त्यांना कळलं. कळल्यावर त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मले काहून पत्रावळ्या सांगतात, समजलं का तुमाले?"

धर्मेंद्र वानखडे ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. "जाऊ दे न," ते म्हणाले. "पत्रावळ्याच तर हायेत."

"पत्रावळीवर कोनाचा हात नाही लागत. मशीननं होते. म्हणून."

"मले समजलं. तरी जाऊ दे."

हे 'जाऊ दे' शालूबाईंनी पुष्कळ वर्षं सहन केलं. कॉलनीपेक्षा ते जास्त जवळ राहत होतं. पण त्या गप्प बसल्या त्याचं कारण 'जाऊ दे' नव्हतं. भांडायला समोर काही धरता येत नव्हतं. कोणी वाईट बोललं नव्हतं. कोणी म्हणालं नव्हतं की तुमच्या हातचं खाणार नाही. उलट त्यांच्या तब्येतीची, वेळेची, दगदगीची काळजीच सगळ्यांनी केली होती. या काळजीची तक्रार कुठल्या कार्यालयात करायची ते अधीक्षकबाईंनाही माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. कोजागिरीच्या बैठकीत त्यांनी स्वतःहून विषय काढला.

"आता मी रिटायर झाली. दिवसभर घरीच असते. यंदा काय करून आणू?"

अपेक्षाताईंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "आता तर तुम्ही आराम करा. इतकी वर्षं राबलात. पत्रावळ्या आणा फक्त."

नोकरी होती तेव्हा वेळ नव्हता म्हणून पत्रावळ्या. नोकरी संपली तेव्हा आराम हवा म्हणून पत्रावळ्या. मेल्यावर बहुधा श्रद्धांजली म्हणून पत्रावळ्या सांगतील, असं शालूबाई घरी म्हणाल्या. धर्मेंद्र यांनी तोंड उघडलं. शालूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ते मिटलं.

हॉट डॉगचा विचार त्या रागातून निघाला. निवृत्तीला मुलीने, दीक्षाने, पुण्याहून ओव्हन पाठवला होता आणि तो फ्रिजवर झाकून ठेवलेला होता. कॉलनीच्या थर्टी फर्स्टला कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर सगळे जमतात. परतवाड्याचा एक कॅटरर चिकन घेऊन येतो. त्याचं चिकन कोण कापतं, मसाला कोण वाटतं, पातेलं कोण ढवळतं, याची चौकशी कॉलनीने आजवर केलेली नाही. शालूबाईंनी हिशेब केला की चिकन ज्यांना चालतं त्यांना चिकनचं सॉसेज चालायला हवं. चाललं नाही तर नेमकं काय चाललं नाही ते उघड्यावर येईल. शाकाहारी, उपास, वार, असली एकही पळवाट त्यांना ठेवायची नव्हती. थर्टी फर्स्टला आमच्याकडे वार बघत नाहीत.

दीक्षाने एक व्हिडिओ पाठवला. त्यातली बाई म्हणत होती, लोणी खोलीच्या तापमानाला ठेवा. शालूबाईंनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवलं आणि अर्ध्या तासाने ते ओट्यावरून खाली चाललं होतं.

"या बाईची खोली कुठं हाय?" त्यांनी मुलीला फोनवर विचारलं. "आमच्या खोलीत तर लोणी प्याले होते."

मग त्यांनी व्हिडिओ बंद केला आणि दिवाळीचे चिरोटे आठवले. चिरोट्याला आपण तूप आणि कॉर्नफ्लोअर फेसून साटा करतो, तो पोळीवर फासतो, पोळीवर पोळी ठेवतो, गुंडाळी करतो, पुन्हा लाटतो. पापुद्रे त्यानेच सुटतात. साटा घट्ट वनस्पती तुपाचा केला तर वितळायलाही जरा वेळ लागतो. शिवाय डिसेंबरात वऱ्हाडात पहाटेचा ओटा बर्फासारखा गार असतो, खिडक्या उघड्या ठेवल्या तर जास्तच. शालूबाई स्वेटर आणि कानटोपी घालून पीठ लाटू लागल्या. करंजीच्या फिरकीने लांब पट्ट्या कापायच्या, सॉसेजला तिरप्या गुंडाळायच्या, वरून दूध लावून तीळ टाकायचे आणि ओव्हनमध्ये सरकवायचे. पहिल्या खेपेला पट्ट्या उलगडून सॉसेज उघडे पडले. दुसऱ्या खेपेला खालून कच्चे राहिले. फसलेले सगळे धर्मेंद्र यांनी खाल्ले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या वाट्याला दोनच आले आणि ते म्हणाले, "आता झालं बरं."

डिसेंबरच्या बैठकीत शालूबाईंनी जाहीर केलं. "यंदा माझ्याकडून हॉट डॉग. खारीत गुंडाळून. घरी करणार आहे."

'घरी' हा शब्द त्यांनी जरा वेगळा काढून ठेवला.

"जेवणात कुत्र्याचं नाव काहून?" पार्वताबाईंनी विचारलं.

"कोंबडी असते काकू आत."

"मंग कोंबडी म्हन न."

अपेक्षाताई म्हणाल्या, "वा, किती छान. पण पत्रावळ्या तुम्ही आणणारच आहात ना? नाही म्हणजे, तेवढं तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही."

"दोन्ही आणते," शालूबाई म्हणाल्या.

एकतीस तारखेला पहाटेपासून त्यांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि दुपारपर्यंत कॉलनीभर भाजलेल्या तुपाचा वास होता. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मी पत्रावळ्या घेऊन पुढं होते. माल मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून आणा. आपलं नाव कोरलं हाय तोच डबा."

इथे भौतिकशास्त्र आडवं आलं. गरम खारी स्टीलच्या डब्यात भरली तर वाफेने मऊ पडते. धर्मेंद्र यांना ते दिसलं. एवढ्या दिवसांच्या मेहनतीचे पापुद्रे शेवटच्या अर्ध्या तासात लोळागोळा व्हायला नकोत म्हणून त्यांनी चौकातल्या बेकरीतून पुठ्ठ्याचे चार रिकामे खोके मागून आणले आणि त्यांत हॉट डॉग नीट रचले. खोक्यांवर बेकरीचं नाव लाल अक्षरांत होतं. ते त्यांना दिसलं की नाही, यावर त्या घरात अजून एकमत नाही.

शालूबाई प्लॉटच्या टोकाला पत्रावळ्यांचे गठ्ठे सोडत होत्या. खोके टेबलावर आले आणि उघडले ते त्यांना दिसलंच नाही. मागे वळल्या तेव्हा लोक खात होते. करिश्मा राऊत दोन हातांत दोन घेऊन उभ्या होत्या. अपेक्षाताईंचे यजमान किशोर काळमेघ तिसरा उचलत होते. पोरं तीळ सांडत पळत होती. खुर्चीवर बसलेल्या पार्वताबाईंच्या हातातही एक होता. अजून त्यांनी तो खाल्ला नव्हता, नुसता उलटसुलट करून बघत होत्या.

शालूबाईंना वाटलं, झालं. इतकी वर्षं उगाच राग धरला. डोळ्यांत पाणी येईल की काय असं त्यांना वाटलं, आणि तेवढ्यात अपेक्षाताई लगबगीने त्यांच्याकडे आल्या. बोटांना पापुद्रे चिकटलेले.

"वानखडे ताई, काय क्रिस्पी आहेत हो. बरं केलंत बेकरीतून आणले ते. घरी कशाला करत बसायचं? चौकातली ना ही? मी उद्याच आणते."

शालूबाईंनी खोक्यांकडे बघितलं. मग धर्मेंद्र यांच्याकडे. ते कॅटररच्या पातेल्यात काय शिजलंय ते अगदी बारकाईने बघत होते.

गप्प बसणं सोपं होतं. सगळ्यांनी खाल्लं होतं, आवडलं होतं, आणि कोणाला काही कळायचं नव्हतं. पण असं एकदा झालेलं होतं. गोळाभातही सगळ्यांनी असाच खाल्ला होता, कोणते वानखडे ते कळायच्या आधी. फसवून खाऊ घालायचं असतं तर त्यांनी पहाटे कानटोपी घालून पीठ लाटलं नसतं.

"बेकरीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या ओट्यावरचे आहेत. खोके फक्त बेकरीचे."

मोठ्याने नाही म्हणाल्या. तरी ऐकू गेलं. 

करिश्माताईंनी एका हातातला हळूच खोक्यात परत ठेवला. दुसरा उष्टा होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. किशोर काळमेघांनी आपला वाकून खुर्चीखाली ठेवला आणि त्यांना एकाएकी फोन आला. फोन वाजला मात्र नव्हता. एक बाई म्हणाली की तिचा आज उपास आहे, विसरूनच गेली होती. तिचे तीन खाऊन झाले होते.

"अय्या," अपेक्षाताई म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगितलं नाही?"

"बैठकीत सांगितलं होतं. घरी करणार म्हणून."

"हो का? माझ्या लक्षातच नाही राहिलं."

"लक्षात राहिलं असतं तर?"

"तर काय? तुमचं कौतुक केलं असतं."

"करा मग."

अपेक्षाताईंनी पदराने बोटं पुसली. "वानखडे ताई, तुम्ही ना उगाच भलता अर्थ काढता. आपल्या कॉलनीत असं काही नाही."

"कसं काही नाही?"

"तेच. तुम्ही म्हणता तसं."

"मी अजून काही म्हटलंच नाही. तुम्ही म्हणून राहिल्या."

सगळे टेबलाकडे बघत होते, माणसांकडे बघण्यापेक्षा ते बरं म्हणून. तेव्हा पार्वताबाई खाताना दिसल्या. कवळी नवी असल्यामुळे त्यांचं खाणं सावकाश चाले. त्यांनी एक घास चावला, गिळला, दुसरा घास चावला. घाई काहीच नव्हती. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

"मीठ बरोबर आहे काकू," शालूबाई म्हणाल्या. राग त्यांचा होताच, त्याला नुसतं वळण मिळालं. "सॉसेजमधेच मीठ राह्यते. वरून टाकलं तर खारट होईल."

"आतलं खारं अन् वरचं अळणी. सालपट नुसतंच तोंडात येते न. पिठात चिमूट पडाले पायजे."

"पडली आहे चिमूट."

"मंग बोटं लहान हायेत तुयी."

कोणीतरी हसलं. अपेक्षाताईंनाही हसायचं होतं, वातावरण हलकं झालं म्हणून. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "चला चला, जेवणं वाढू या. चिकन गार होतंय. वानखडे ताई, पत्रावळ्या मांडा बरं."

तेव्हा शालूबाई परत फिरल्या. प्लॉटच्या टोकाला गेल्या, सुटे केलेले गठ्ठे एकावर एक रचले, सुतळी बांधली आणि दोन्ही हातांत उचलले. खोक्यांत उरलेले हॉट डॉग त्यांनी एका खोक्यात गोळा केले आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

"अहो, हे काय?" अपेक्षाताई म्हणाल्या.

"पत्रावळ्या माझ्या घरच्या आहेत," शालूबाई म्हणाल्या. "घरचं चालत नाही न?"

आणि त्या गेल्या. धर्मेंद्र खोका घेऊन मागे. जाता जाता ते काहीतरी दोन शब्दांचं बोलणार होते असं दिसलं, पण बोलले नाहीत.

नवप्रभात कॉलनीने त्या संध्याकाळी परतवाड्याचं चिकन आपापल्या घरून आणलेल्या ताटांत खाल्लं. ज्यांची घरं लांब होती त्यांनी पोळीवरच घेतलं. रस्सा पोळीवर थांबत नाही. किशोर काळमेघांचा झब्बा पांढरा होता. वानखडे ताई किती टोकाचं करतात, हा त्या जेवणाचा विषय होता, आणि त्यावर कॉलनीत पहिल्यांदाच पूर्ण एकमत झालं. कौतुक करायचं मात्र राहूनच गेलं.

वानखड्यांच्या घरी शालूबाई ओटा घासत होत्या. तो सकाळीच घासून झाला होता.

"खोके काहून आनले?"

"वाफ धरली असती. मऊ पडले असते."

"नाव नाही दिसलं खोक्यावर?"

"दिसलं," ते म्हणाले. "वाटलं, एक डाव सुखानं खातील तरी."

"कोन सुखानं खाईन? ते. अन् मी?"

धर्मेंद्र यांनी खोका ओट्याच्या कडेला ठेवला. ते जाऊन टेबलाशी बसले.

दार वाजलं तेव्हा शालूबाईंना वाटलं अपेक्षाताई पत्रावळ्या मागायला आल्या. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं आणि फडकं हातात घेऊनच दार उघडलं. पार्वताबाई होत्या. काठी, शाल, आणि जिना चढल्यामुळे लागलेली धाप.

"तिकडं पोयीवर रस्सा घेऊन खाऊन राह्यले लेकाचे," त्या म्हणाल्या. "मले नाही जमत ते. तुयाकडे उरले असतीन न?"

"उरले आहेत. का उरले ते पाहिलंच तुम्ही."

"पायलं."

"इतकी वर्षं पत्रावळ्या आणल्या. तेही पाहिलं न?"

पार्वताबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "पायलं," त्या म्हणाल्या. "बोलली नाही मी. बाकी साऱ्याइच्या शिऱ्याले बोलली."

शालूबाई दारातून बाजूला झाल्या नाहीत. एका म्हातारीने दोन घास खाल्ले म्हणून पेढे वाटायची त्यांची तयारी नव्हती. सॉसेज कोंबडीचं, मैदा गिरणीचा, दूध सगळ्या कॉलनीला येतं तेच. त्यात खाण्यासारखं काय नव्हतं, ते त्यांना कोणीतरी एकदा नीट सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला कोणी जिना चढून येणार नव्हतं.

"आत येऊ का दारातच देतं?" पार्वताबाईंनी विचारलं. शालीत हात घालून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. "मीठ संगं आनलं हाय."

"ते मीठ ठेवा तिकडंच," शालूबाई म्हणाल्या. "माझ्या घरी माझ्या मिठानं खायचं असेल तर या."

पार्वताबाईंनी पुडीकडे बघितलं, शालूबाईंकडे बघितलं. मग पुडी पुन्हा शालीत गेली. चपला काढून त्या आत आल्या आणि ओट्याजवळच्या खुर्चीवर, धर्मेंद्र यांच्या समोर बसल्या. शालूबाईंनी सुतळी सोडली, गठ्ठ्यातून तीन पत्रावळ्या काढल्या आणि ओव्हन पुन्हा लावला.

"अळणीच हाय पन," पहिला घास गिळून पार्वताबाई म्हणाल्या.

"गुमान खा," शालूबाई म्हणाल्या.